खोक्यातला सूर

ही गोष्ट खरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणा बापडे. कुणाला पटवून मला काही बक्षीस मिळायचं नाहीये. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलंय, आणि जे घडताना तिथे हजर होते त्यातली निम्मी माणसं आजही धडधाकट आहेत. त्यातली एक माझी आई.

आणि आधीच सांगते. रात्र, अंधार, ओसाड बंगला, असलं यात काही नाही.

रविवार होता. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन, आणि नाट्यगृहात सातशे माणसं.

तरीही…

आमच्या घरात एक नियम होता. मावशीचं कौतुक करायचं नाही. कशाचंच नाही. लहानपणी मी एकदा म्हणाले होते, "मावशी, सूप मस्त झालंय!" तर तिने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. आणि मान वाकडी करून कसला तरी कानोसा घेत उभी राहिली.

बाबा म्हणायचे, "हिची नम्रता म्हणजे एक आजारच आहे." आम्ही हसायचो.

गेल्या महिन्यात कळलं. ती नम्रता नव्हती.

मावशी तेव्हा बावीस वर्षांची होती. तिची धाकटी बहीण एकोणीसची. धाकटी म्हणजे माझी आई, पण गोष्टीपुरतं मी तिला धाकटीच म्हणते. दोघी एका नाट्यगटात होत्या. सगळी तरुण पोरं. दिवसा कोणी कॉलेजात, कोणी दुकानात, मावशी एका दातांच्या दवाखान्यात नोंदी लिहायला. संध्याकाळी सहा वाजले की सगळे एका बंद पडलेल्या कापडाच्या गोदामात, वरच्या मजल्यावर तालमीला जमायचे.

गाण्यांची नाटकं करायचे. पहिलं दीपगृहाच्या राखणदाराच्या मुलीचं. दुसरं एका घड्याळजीचं. तिसरं पाखरं विकणाऱ्या बाईचं.

आणि करायचे बरं का! मावशी आजही मान्य करते. चौदा पोरं एका दमात गायची, नाचायची, पडदा पडेपर्यंत कोणाची टाच चुकायची नाही. गावभर नाव झालं होतं. पेपरात एक चष्मेवाले समीक्षक लिहायचे, ज्यांनी मोठमोठ्यांची सालपटं काढली होती. त्यांनीसुद्धा लिहिलं, "ही मुलं गाताना खोटी वाटत नाहीत. एवढं पुरे आहे, पण ती याहूनही पुष्कळ देतात."

आणि त्या प्रत्येक लेखात एक वाक्य धाकटीबद्दल असायचंच.

कारण प्रत्येक नाटकात मुख्य भूमिका धाकटीची. आणि प्रत्येक नाटकाच्या शेवटी एक गाणं, आणि त्या गाण्याच्या शेवटी एक सूर. असा वर जाणारा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्या एका सुरासाठी लोक दुसऱ्यांदा तिकीट काढायचे.

तो सूर धाकटीचा नव्हता.

माझ्या मावशीचा होता.

झालं होतं असं. निवडीच्या दिवशी दोघी बहिणी गेल्या. धाकटी देखणी, रंगमंचावर आली की नजर हलायची नाही. गायचीही बरी. पण वर गेली की आवाज फाटायचा. मावशी उंचीने ठेंगणी, चेहरा साधा. आवाज मात्र असा चढायचा, की जिने संपले तरी हिचे पाय थांबायचे नाहीत.

नाटक बसवणारे सर दोन दिवस विचार करत बसले. मग म्हणाले, "चेहरा हिचा, आवाज तुझा. गटासाठी करशील ना?"

मावशी बावीस वर्षांची. गटावर जीव. हो म्हणून बसली.

मग सरांनी लाकडी फळ्यांचा एक खोका आणून ठेवला. कपड्यांच्या कपाटाएवढा. रंगमंचाच्या डाव्या बाजूला, पडद्याआड. आत जाड कापडाचं अस्तर, एक स्टूल, एक माइक, एक मिणमिणता दिवा, आणि रंगमंच दिसावा म्हणून छोटीशी जाळी. मावशीने आत बसायचं. वरचा सूर आला की धाकटीने हनुवटी उचलून तोंड उघडायचं, आणि गायचं मावशीने. सख्ख्या बहिणी, आवाजाचा पोत एकच. कुणाला कळणार?

गटातल्या पोरांनी मावशीचं नाव ठेवलं, "खोकी."

"खोके, चहा घेणार का?" "खोके, सरक की जरा." प्रेमाने म्हणायचे हो. ती पण हसायची.

एक पद्धत होती. खोक्यात शिरल्यावर बोलायचं नाही. माइक कधी चालू होईल नेम नाही. म्हणून पडदा उघडायच्या आधी सर बाहेरून दोनदा ठोकायचे.

टक टक.

मावशीने आतून दोनदा ठोकायचं.

टक टक.

म्हणजे, मी आहे. तयार आहे.

बाहेर कुणालाही सांगायचं नाही, अशी सरांनी शपथ घातली होती. घरीसुद्धा नाही. त्यामुळे आजी-आजोबांना वाटायचं, मोठी मागे काहीतरी मदत करते. कपडे बिपडे देत असेल.

पहिल्या नाटकाच्या वेळी मावशीला गंमत वाटली. दुसऱ्या वेळी जरा टोचलं. तिसऱ्या वेळी…

तिसऱ्या वेळी तिच्या पोटात दुखायला लागलं. मी सरळ सांगते, कारण तिनेच मला सरळ सांगितलं. "जळत होते गं मी," म्हणाली. "सकाळी उठल्यापासून जळायचे."

आजी पेपरातली कात्रणं कापून कपाटाच्या दारावर चिकटवायची. कात्री आणायला सांगायची मावशीलाच! एका लेखात छापलं होतं, "त्या मुलीने शेवटचा सूर लावला तेव्हा माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या हातातून चष्मा पडला आणि त्यांनी तो उचललाच नाही." आजोबा ते शेजाऱ्यांना वाचून दाखवायचे. मग मावशीकडे बघून म्हणायचे, "तू पण मागे मदत करतेस ना. चांगलं आहे."

चांगलं आहे!

त्या काळात मावशीला खोक्यातच काय तो आधार वाटायचा. आत फळीवर, बसल्यावर उजवा खांदा जिथे टेकतो तिथे, पेन्सिलीने बारीक अक्षरात काही ओळी लिहिलेल्या होत्या. नुसती तारीख, महिना, आणि पुढे तीन शब्द.

"हे मी गायले."

अशा बावीस ओळी. वर्ष नाही. नाव नाही. अक्षर एकाच हातचं, जरा डावीकडे झुकलेलं.

मावशीला वाटलं, आपल्या आधी इथे बसणारी कोणीतरी असणार. बिचारीने आपल्यासारखंच सोसलं असणार. ती त्या ओळींवरून बोट फिरवायची आणि मनात म्हणायची, बरं केलंस बाई, लिहून तरी ठेवलंस.

आपल्या आधी कोण बसायचं, हे विचारायचं मात्र तिला कधी सुचलं नाही.

मग ते पाहुणे आले.

आजोबांचे कोणी मित्र, सहकुटुंब. चहा झाला. पाहुण्या बाई धाकटीला म्हणाल्या, "काय गं पोरी तो सूर! कसा काय लागतो?"

धाकटीने बशी खाली ठेवली. केस मागे सारले. आणि म्हणाली,

"रियाज लागतो हो त्याला."

मावशी रिकामे कप उचलत होती. कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला, आणि नळाच्या आवाजात जे काय बोलायचं ते बोलून घेतलं.

रियाज! सकाळी नऊपर्यंत लोळणारी ही! पहाटे उठून गच्चीवर गळा घासणारी कोण? गरम पाणी पिऊन, लोणी-साय सोडून तीन वर्षं गळा जपणारी कोण?

त्या दिवशी मावशीने ठरवलं.

पुढच्या रविवारी, चारच्या प्रयोगाला, एक मोठे नाट्यनिर्माते येणार होते. व्यावसायिक रंगभूमीवरचे. धाकटीला बघायला. आवडली तर त्यांच्या पुढच्या नाटकात घेणार होते. घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

मावशीने काय ठरवलं?

काहीच करायचं नाही. शेवटच्या सुराला फक्त तोंड मिटून बसायचं.

सातशे माणसांसमोर धाकटी तोंड उघडून उभी राहील… आणि आवाज येणार नाही. मग कळेल सगळ्यांना रियाज कोणाचा ते.

रविवार उजाडला. मावशी जेवली नाही. पावणेचारला खोक्यात जाऊन बसली. दार लावलं, आतून कडी घातली.

बाहेर सरांच्या चपला वाजल्या.

टक टक.

मावशी हाताची घडी घालून बसली होती. मनात म्हणाली, नाही ठोकत जा. आज कोणाचीच नोकर नाही मी. ठोकू दे आणखी दोनदा.

आणि…

टक टक.

उत्तर गेलं.

आतून. तिच्या पाठीमागच्या फळीवरून.

"शाब्बास," सर बाहेरून पुटपुटले आणि निघून गेले.

मावशीने मागे वळून पाहिलं. अस्तराचं कापड होतं. तिला वाटलं, मागच्या बाजूने कोणी सामान टेकवलं असेल. रागात माणसाला काही सुचत नाही. तिने लक्ष दिलं नाही.

पडदा उघडला.

पहिलं गाणं. दुसरं गाणं. मधल्या वरच्या सुरांच्या ओळी ती नेहमीसारखी गायली, कारण तिला सगळा हिशेब शेवटीच चुकता करायचा होता. पोरं त्या दिवशी भन्नाट करत होती. पाखरांच्या बाजाराचं गाणं आलं तेव्हा लोकांनी ठेका धरला.

तिसऱ्या गाण्यात तिला पहिल्यांदा जाणवलं.

ती श्वास घ्यायची… त्याच्या अगदी आधी, निमिषभर आधी, कोणीतरी श्वास घ्यायचं.

तिने श्वास रोखून पाहिला.

काही नाही.

पुन्हा गायला लागली. ओळ संपली. श्वास घेणार…

तिच्या आधी घेतला गेला. डाव्या कानाशी.

आणि मग तिच्या लक्षात आलं, ती स्टुलाच्या कडेवर बसली आहे. उजवा खांदा फळीला दाबून. बाकावर शेजारी कोणी येऊन बसलं की आपण नकळत सरकतो ना, तशी. डावीकडचं अर्धं स्टूल मोकळं होतं.

ती कधी सरकली, तिला आठवेना.

उठून पळावं असं वाटलं. पण शेवटचं गाणं सुरू झालं होतं. जाळीतून धाकटी दिसत होती. निळा झगा, हातात रिकामा पिंजरा. समोर अंधारात सातशे माणसं. तिसऱ्या रांगेत ते निर्माते, आणि त्यांच्या मागे आजी-आजोबा, ठेवणीतले कपडे घालून.

भीती होती. पण जळफळाट तिच्याहून मोठा होता. "तेव्हासुद्धा, गं!" मावशी मला म्हणाली. "शेजारी कोण आहे याच्यापेक्षा मला समोर कोण उभी आहे त्याची आग होती."

गाणं चढत गेलं. ती जागा आली.

धाकटीने हनुवटी उचलली. तोंड उघडलं.

मावशीने दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबले.

शांतता.

अर्धा क्षण. धाकटीचे डोळे जाळीकडे वळले. मावशी म्हणते, ते डोळे ती मरेपर्यंत विसरणार नाही. लहानपणी विहिरीत वाकून बघताना धाकटीचा पाय घसरला होता आणि मावशीने तिची वेणी धरली होती, तेव्हा असेच झाले होते.

आणि…

सूर आला.

खोक्यातून. माइकमधून. मावशीच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावरून.

मावशीचे हात तोंडावर तसेच होते. दात आवळलेले होते.

सूर वर गेला. मावशी जिथे थांबायची तिथे तो थांबला नाही. आणखी वर गेला. तिथे जाऊन टिकला, आणि मग कोणीतरी अलगद दार ओढून घ्यावं तसा मिटला.

आणि मग टाळ्या. खुर्च्या वाजल्या. लोक उभे राहिले.

खोक्याचं दार कोणी बडवायला लागलं. तिने कशीबशी कडी काढली. बाहेर ध्वनियंत्र सांभाळणारा मुलगा, ज्याला सगळे "बटण" म्हणायचे, तो नाचत होता.

"खोके! काय लावलास गं आज! काटा लाल रेषेला जाऊन चिकटला!"

"कोणत्या… कोणत्या माइकचा?" मावशीने विचारलं.

"कोणत्या म्हणजे? तुझ्याच की! दुसरा चालू कुठेय?"

मावशीने मागे वळून पाहिलं. मिणमिणत्या दिव्यात फळी दिसत होती. बावीस ओळींच्या खाली तेविसावी ओळ होती. त्या दिवसाची तारीख. डावीकडे झुकलेलं अक्षर.

"हे मी गायले."

तिने बोट लावलं. पेन्सिलीची पूड बोटाला आली.

ती किंचाळणार, तेवढ्यात सर धावत आले. डोळ्यांत पाणी. तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बस झालं. आज नाही लपवायचं." आणि तिला ओढत, तशीच, घरच्या कपड्यांत, रंगमंचावर घेऊन गेले.

"मंडळी," सर ओरडले, "तीन वर्षं तुम्ही जो सूर ऐकताय, तो या मुलीचा आहे! आजचाही हिचाच!"

विचार करा. जे हवं होतं, ते सगळं. सातशे माणसं उभी. आजी तोंडावर पदर धरून रडतेय. आजोबा शेजारच्या अनोळखी माणसाला हलवून सांगतायत, "माझी मोठी! माझी मोठी मुलगी!" निर्माते टाळ्या वाजवतायत. आणि धाकटी, जिची अब्रू मावशी घालवायला निघाली होती, ती गळ्यात पडून हुंदके देतेय, "ताई… ताई, मला वाटलं आज संपलं… तू वाचवलंस गं मला…"

मावशीने एकच वाक्य बोलायचं होतं. आजचा सूर माझा नाही.

ती नाही बोलली.

ती वाकली. हात जोडले. टाळ्या घेतल्या.

आणि तेव्हा… कर्ण्यांमधून, सगळ्या नाट्यगृहात…

टक टक.

लोकांना वाटलं, यंत्रात काही बिघाड. बटणाने धावत जाऊन माइक बंद केला.

मावशीला मात्र कळलं. जे धाकटीने तिच्याशी तीन वर्षं केलं, ते तिने आत कोणाशी तरी एका मिनिटात केलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आजीने तिचा चेहरा ओंजळीत धरला. "माझ्या पोरीचा गळा, आणि मलाच माहीत नाही!"

टक टक. फडताळातून.

दुसऱ्या दिवशी आजोबा पेपर मोठ्याने वाचत होते. पहिल्यांदाच तिचं नाव छापून आलं होतं. "असा सूर मी चाळीस वर्षांत…"

टक टक. टेबलाखालून. आजोबांना ऐकू गेलं नाही. कोणालाच जायचं नाही. फक्त तिला.

ती त्याच दिवशी गटाचे कपडे शिवणाऱ्या काकूंकडे गेली. विचारलं, "काकू, माझ्या आधी खोक्यात कोण बसायचं?"

काकू दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "तुझ्या आधी? अगं, खोका तुझ्यासाठीच बनवला ना सरांनी! तुझ्या आधी कोणी नव्हतं. फळ्या तेवढ्या जुन्या होत्या. कुठून आणल्या, देव जाणे."

मावशीने गट सोडला. निर्मात्यांचं बोलावणं आलं, गेली नाही. पुन्हा कधी गायली नाही. बाळाला झोपवतानासुद्धा नाही. आणि चौतीस वर्षं, कोणी कसलंही कौतुक केलं, की टक टक. अक्षर छान आहे, टक टक. साडी शोभते, टक टक. म्हणून आमच्या घरातला तो नियम.

हे सगळं तिने गेल्या महिन्यात सांगितलं. आमच्याच घरी, जेवणाच्या टेबलाशी, दुपारी. आई आणि मी समोर. आईने नेहमीप्रमाणे कुणाला तरी फोनवर सांगितलं होतं, "त्या दिवशी ताईने मला वाचवलं," आणि मावशी एकदम कोसळल्यासारखी बोलत सुटली.

सांगून झालं. आई टेबलावरचा डाग नखाने खरवडायला लागली.

"तू गप्प बसणार होतीस?" तिने विचारलं.

"हो."

"मला तोंडघशी पाडायला? आई-बाबांसमोर?"

"हो गं. जळत होते मी."

"आणि मी चौतीस वर्षं तुझे पाय धरत आलेय!"

मला वाटलं, संपलं. या बहिणी आता पुन्हा तोंड बघत नाहीत एकमेकींचं. आईचा राग मला माहीत आहे.

आई उठली. दारापर्यंत गेली. तिथून वळली. रागापेक्षा वेगळंच काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"ताई," ती म्हणाली. "मग… गायलं कोण?"

टक टक.

या वेळी तिघींनाही ऐकू आलं.

काचेच्या भांड्यांच्या कपाटातून.

मावशीने डोळे मिटले. मी खुर्ची घट्ट धरली. आणि माझी आई, जी झुरळाला घाबरते, ती कपाटासमोर जाऊन उभी राहिली. रडत होती.

"तू होतीस होय," ती म्हणाली. "फार सुंदर गायलीस गं. त्या दिवशी मला तू वाचवलंस. हिने नाही. तू."

कपाट शांत.

आम्ही वाट बघितली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग मी घाबरत म्हणाले, "मावशी, तुझी साडी छान आहे."

काही नाही.

"तुझं सूप जगात भारी असतं."

काही नाही!

मावशी हसायला लागली. मग रडायला लागली. मग आई येऊन तिच्या शेजारी बसली, आणि दोघी एकमेकींना चापट्या मारत, शिव्या देत, चार वेळा चहा प्यायल्या. त्या दिवसापासून मावशी माणसात आली. आता तिला रोज फोन करून सांगावं लागतं की ती किती गुणी आहे. नाही सांगितलं तर रुसते.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पुढच्या रविवारी मी घरी एकटीच होते. आई मावशीकडे गेली होती. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. दुपारचे चार वाजले असतील.

आतून… सूर आला.

मी तो सूर आयुष्यात कधी ऐकला नव्हता. पण लगेच ओळखला. तो वर गेला. आणखी वर गेला. टिकला. आणि अलगद मिटला.

मग शांतता. कोणीतरी वाट बघत असतं तेव्हाची.

मला काय करावं कळेना. हातातला टॉवेल खाली ठेवला. आणि टाळ्या वाजवल्या. एकटीने, रिकाम्या खोलीत. "सुंदर," म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. चार वाजता. आई घरात होती, तिला काहीच ऐकू आलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन टाळ्या वाजवल्या.

गेल्या रविवारी मला बाहेर जावं लागलं. मैत्रिणीचं काम होतं. आईही नव्हती. घराला कुलूप होतं.

संध्याकाळी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे कोण गातं गं? काय आवाज आहे! मी भिंतीला कान लावून ऐकलं."

मी पर्समध्ये किल्ली शोधायला लागले.

"पण नंतर काय चाललं होतं?" काकूंनी विचारलं. "गाणं झाल्यावर कोणीतरी भिंतीवर ठोकत होतं. आधी हळू. मग जोरात. मग दोन्ही हातांनी बडवल्यासारखं. पार तू जिना चढेपर्यंत."

मी कुलूप उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त काचेच्या भांड्यांच्या कपाटाचं दार उघडं होतं. आतल्या फळीवर, पेन्सिलीने, तीन ओळी होत्या. तीन रविवारच्या तीन तारखा.

पहिल्या दोन ओळींपुढे, "हे मी गायले."

तिसऱ्या ओळीपुढे वेगळं होतं.

"तू कुठे होतीस?"

मी हे आईला सांगितलेलं नाही. मावशीला तर नाहीच. चौतीस वर्षांनी ती जरा सुखाने जगतेय.

आज रविवार आहे. मैत्रिणींचा पिक्चरचा बेत होता, मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. हे लिहिताना सारखी घड्याळाकडे बघतेय.

चारला पाच कमी आहेत.

मी घरीच आहे.